ओरिजिनल म्हणजे केव्हाचं?

मल्टिमीटरवर पिकअपच्या एका अर्ध्याचं रीडिंग ५.३ किलोओम आलं आणि दुसऱ्या अर्ध्याचं २. मी तारांची टोकं घासून पुन्हा मोजलं. मीटरचा सेल बदलून तिसऱ्यांदा मोजलं. तरी २च. दोन्ही अर्धे एकाच पिकअपचे. एकाच कारखान्यात, एकाच मापाच्या तारेनं गुंडाळलेले. म्हणजे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. यातला एक अर्धा खोटं बोलत होता, किंवा मला जे 'ओरिजिनल' म्हणून हातात दिलं होतं ते ओरिजिनल नव्हतं.

बेस गिटार आमच्याच इमारतीतल्या काकांची. काका बँकेत नोकरीला होते आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, गणपतीत तर रोजच रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा काकूंनी गिटार विकायचं ठरवलं. इमारतीत बेस वाजवणारा दुसरा कोणी नाही, म्हणून मला वर बोलावलं. "अरे, तुला कळतं ना यातलं? मग याचे किती येतील ते बघ. मला फसवू नका म्हणजे झालं."

मुंबईच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पिकअप ओरिजिनल आहेत का?" नव्हते. १९९९ साली काकूंच्या थोरल्या मुलानं अमेरिकेतून येताना नवे पिकअप आणले होते, दुसऱ्या कंपनीचे, जास्त दणदणीत. काकांनी ते बसवून घेतले होते. संग्राहक म्हणाले, मूळचे पिकअप असतील तर किंमत दीडपट. मी हे काकूंना सांगितल्यावर त्या उठल्या आणि माळ्यावरून रावळगावच्या गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात बिलं होती, तारांची रिकामी पाकिटं होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूळ पिकअप होता. काका काही टाकत नसत.

मला वाटलं, काम झालं. नवे काढायचे, जुने घालायचे, चार ठिकाणी डाख द्यायचा, तासाभराचं काम. ते २ किलोओम आड आले आणि त्या तासाचे दोन महिने झाले.

चुंबक, तार आणि लोखंड

पिकअप समजायला फॅरेडे पुरेसा आहे. त्यानं १८३१ साली दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज निर्माण होते. गिटारच्या पोलादी तारेखाली चुंबक ठेवा, चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घाला. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत त्याच लयीत वीज उमटते. ती ॲम्प्लिफायरला दिली की आवाज. हवेतला आवाज पकडायचा यात प्रश्नच नाही. म्हणून पिकअपला लाकडाच्या पोकळ पेटीची गरज उरली नाही. जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावर तव्याच्या आकाराची गिटार काढली. तिला लोक 'फ्राइंग पॅन'च म्हणत.

बेसची अडचण वेगळी होती. उभा डबल बेस माणसापेक्षा उंच, टॅक्सीत मावत नाही, आणि ट्रम्पेट-ड्रम्ससमोर ऐकू येत नाही. सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच आडवी, विजेवर चालणारी बेस बनवली होती, पण ती फारशी चालली नाही. चालली ती लिओ फेंडर यांची, १९५१ सालची. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांनी बेसच्या मानेवर पडदे बसवले, म्हणजे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक लागतो. म्हणून नाव 'प्रिसिजन'.

पहिल्या प्रिसिजनमध्ये एकच वेटोळं होतं. एकट्या वेटोळ्याचा दोष असा की ते तारेचं ऐकतं तसंच खोलीतल्या वायरिंगचंही ऐकतं. ट्यूबलाइट, पंखा, ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांची घूं ॲम्प्लिफायरमधून बाहेर येते. १९५७ साली फेंडर यांनी पिकअप दोन तुकड्यांत कापला. जाड दोन तारांखाली एक अर्धा, बारीक दोन तारांखाली दुसरा. दोघांचे चुंबक उलटसुलट आणि वेढ्यांची दिशाही उलटसुलट. दोन उलट्यांचं सुलट झाल्यामुळे तारांचा आवाज शाबूत राहतो. बाहेरची घूं मात्र चुंबकाशी संबंध नसल्यामुळे एका अर्ध्यात अधिक, दुसऱ्यात उणे येते आणि बेरीज शून्य होते. आजही प्रिसिजनचा पिकअप असाच असतो, दोन तुकड्यांचा, एक जरा पुढे आणि एक जरा मागे.

मात्र ही बेरीज शून्य व्हायला दोन्ही अर्ध्यांचे वेढे सारखे लागतात.

सुट्या भागांचा बाजार

या वाद्यांचे भाग बदलणं हा धंदा व्हायला १९७० उजाडावं लागलं. १९६५ साली लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढच्या काळात वादकांमध्ये समज पसरली की आता पूर्वीसारखा माल येत नाही. १९७२ साली लॅरी डिमार्झिओ यांनी 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप बाजारात आणला. गिटार कोणाचीही असो, तिच्यातला पिकअप काढून हा घाला. पाठोपाठ सीमोर डंकन आले, इतर आले. गिटारचा आवाज कारखान्यानं ठरवायचा की वाजवणाऱ्यानं, या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा वाजवणाऱ्याच्या बाजूनं लागलं. खोबण्या कोरल्या गेल्या, काढलेले पिकअप खणात पडले, हरवले, केराच्या टोपलीत गेले.

दहा वर्षांत वारं फिरलं. जे टाकून दिलं होतं त्यालाच भाव आला. १९८२ साली खुद्द फेंडरनं आपल्याच १९५७ आणि १९६२च्या प्रिसिजनच्या प्रतिकृती विकायला काढल्या. १९९५ पासून तर त्यांचं एक खास दालन मुद्दाम झिजवलेली, रंग उडवलेली नवी वाद्यं बनवू लागलं. म्हातारपण तयार मिळू लागलं. जुन्या वाद्यांच्या बाजारात दर ठरवणारा शब्द झाला 'ओरिजिनल'. स्क्रूपासून पिकअपपर्यंत सगळं कारखान्यातून निघालं त्या दिवशीचं असलं पाहिजे.

गंमत अशी की कारखान्यातला तो दिवस तरी कितपत पक्का होता? फुलर्टनला वेढे घालायला मशीन होतं, पण तारेला दिशा हाताने द्यावी लागे. हे काम बहुतेक बायका करत. ॲबिगेल इबारा १९५६ साली तिथे लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या हातचे पिकअप आज लोक शोधत फिरतात. हाताने दिशा दिलेली तार कधी घट्ट बसते, कधी सैल. एखाद्या दिवशी चारशे वेढे जास्त पडतात. त्यामुळे एकाच आठवड्यातले दोन पिकअपही तंतोतंत सारखे नसत. मी रोज ज्या कोडवर काम करतो त्यात दोन प्रती बिट-बिट सारख्या असतात, नसल्या तर बग. 'ओरिजिनल' म्हटल्यावर माझ्या डोक्यात तसलंच काहीतरी होतं.

पण हाताचा फरक म्हणजे ५.३ला ५.५ किंवा ४.९. दोन नाही.

बोटीवरून आलेली वस्तू

गिटार किती सालची हे शोधणं सोपं गेलं. आतल्या व्हॉल्यूमच्या पॉटवर १३७७२३५ असा आकडा ठोकलेला होता. १३७ म्हणजे पॉट बनवणारी कंपनी, ७२ म्हणजे साल, ३५ म्हणजे त्या सालातला आठवडा. ऑगस्ट १९७२च्या अखेरीस बनलेलं पॉट, म्हणजे गिटार त्यानंतरची. काकूंचा भाऊ मालवाहू बोटीवर होता, त्यानं ती आणली. काकूंच्या आठवणीप्रमाणे १९७४च्या दिवाळीत.

त्या काळात दुसरा मार्ग जवळपास नव्हताच. आयातीला परवाने आणि भरमसाट जकात. परदेशी वाद्य आपल्याकडे यायचं ते बोटीवरच्या भावाकडून, आखातातल्या मेहुण्याकडून, किंवा परत निघालेल्या एखाद्या गोऱ्या पाहुण्याकडून. आणि मागणी तर होती. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये खर्जाचं काम आधी डबल बेस करायचा. साठच्या दशकात ते हळूहळू बेस गिटारकडे सरकलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेसवर टोनी वाझ असत. 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१चा. त्यानंतर ज्या ऑर्केस्ट्राला 'दम मारो दम' वाजवायचं होतं त्याला बेस गिटार हवीच होती. १९७० आणि ७१ साली सिमला बीट स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या, त्यांत देशभरातली कॉलेजातली पोरं इंग्रजी पद्धतीचा रॉक वाजवताना ऐकू येतात. वाद्यं कुठून आणली असतील, याचं उत्तर त्यातल्या बहुतेकांच्या घरी गेलं तर बोटीपाशीच जाईल, असं मला वाटतं.

पुण्यात ऑर्केस्ट्राचा हंगाम म्हणजे गणेशोत्सव. दहा दिवस मांडवांत, रस्त्यावर, एरवी बालगंधर्व रंगमंदिरात. गाणाऱ्यांची नावं पाटीवर, निवेदकाचं नाव पाटीवर. बेस वाजवणारा ड्रम्सच्या बाजूला, मागे, अर्ध्या अंधारात. काकूंकडे काकांचा मंचावरचा एकच बरा फोटो आहे. त्यात गायिकेच्या खांद्यामागे गिटारची मान आणि काकांचा चष्मा दिसतो.

अशा माणसाच्या गिटारचा पिकअप १९८० साली मेला तर तो काय करणार? अमेरिकेत तो दुकानात जाऊन नवा घेईल. पुण्यात नवा पिकअप नावाची वस्तूच नव्हती. पण पुण्यात एक गोष्ट भरपूर होती, मोटार रिवाइंडिंग. खडकी, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांतल्या मोटारी, शेतावरचे पंप, घरोघरचे पंखे आणि मिक्सर जळत आणि पुन्हा गुंडाळले जात. वेटोळं जळलं की वस्तू टाकायची नसते, तार बदलायची असते, हे या शहराला नीट माहीत होतं.

चव्वेचाळीस नंबर

२ किलोओमवाल्या अर्ध्याचं काळं प्लास्टिकचं झाकण मी आधी काढलंच नव्हतं. काढल्यावर दिसलं की वेढ्यांवर पांढरी कॉटन टेप आहे आणि टेपवर वार्निश, आता मधासारखं पिवळं पडलेलं. फेंडरच्या कारखान्यात अशी टेप लावत नसत. पंख्याच्या वाइंडिंगवर लावतात. टेपवर बॉलपेननं मराठी आकड्यांत लिहिलं होतं, '२२/८/८१'. खाली, 'गिटार. अर्जंट.'

१९८१ साली गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला होते.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विजेच्या सामानाची दुकानं दाटीवाटीनं आहेत. तिथे विचारत विचारत मी एका वृद्ध वाइंडरकडे पोचलो. माळ्यावर दुकान, खाली चहाची टपरी. त्यांनी चष्मा वर केला, अर्धा हातात घेतला, आणि न विचारता म्हणाले, "हे आमच्याकडचं काम नाही. पण आमच्यासारख्याचंच आहे." टेपच्या एका कडेतून सुटलेलं तारेचं टोक त्यांनी स्क्रू गेजमध्ये धरलं. "चव्वेचाळीस नंबर. पंख्यात एवढी बारीक नसते. रिलेत असते, छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असते."

मी सांगितलं की मूळची तार बेचाळीस नंबरची होती. ते हसले. "साहेब, बेचाळीस म्हणजे चव्वेचाळीसपेक्षा जाड झाली. मग तुमचं मूळचं वेटोळं जास्त ओमचं कसं?"

कारण अमेरिकेचा बेचाळीस आणि आपला बेचाळीस वेगळे. आपल्याकडे तारेचे नंबर ब्रिटिश गेजप्रमाणे चालतात. अमेरिकन गेजमधली ४२ नंबरची तार साधारण ०.०६३ मिलिमीटरची. ब्रिटिश गेजमध्ये तिच्या जवळची तार ४६ नंबरची. ब्रिटिश ४४ नंबर ०.०८१ मिलिमीटरची, म्हणजे जाडच. घरी येऊन मी हिशेब मांडला. तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ १.६५ पट. बॉबिनवरची जागा तेवढीच. म्हणजे जिथे दहा हजारांच्या आसपास वेढे होते तिथे सहा हजारच मावतील. वेढे कमी, म्हणून तारेची लांबीही कमी, आणि तार जाड, म्हणून मीटरमागे ओमही कमी. गुणाकार केल्यावर आलं १.९ आणि २च्या मधे. मीटर खोटं बोलत नव्हतं.

कोणता अर्धा मेला हेही मग नैसर्गिक वाटलं. बोटांनी बेस वाजवणारे बरेच जण अंगठा टेकवतात तो जाड तारांकडच्या अर्ध्यावर. काका सात वर्षं त्यावर अंगठा टेकवून वाजवत होते. या पिकअपमध्ये तार थेट चुंबकाच्या कांड्यांभोवती गुंडाळलेली असते. घामाचा ओलावा आत शिरला, कांडीला गंज चढला, की केसाहून बारीक तार तुटायला वेळ लागत नाही. गणपती दहा दिवसांवर, खालच्या दोन तारा मुक्या. मग डबा घेऊन बुधवार पेठेत, आणि 'अर्जंट'.

मी वाइंडरना विचारलं, करणाऱ्याला कळलं असेल का हे कशाचं वेटोळं आहे?

"वर लिहिलंय ना, गिटार." मग त्यांनी सुटलेल्या टोकाची दिशा बघितली. "त्याला गिटार वाजवता येत नसेल. पण सोडताना त्यानं वेढे मोजले असणार, निदान दिशा बघितली असणार. जुन्या वळणानंच भरलंय बघा. उलटं भरलं असतं तर तुमच्या मशीननं भुंगा लावला असता."

बरोबर. उलट्या दिशेनं वेढे पडले असते तर दोन्ही अर्ध्यांची घूं वजा होण्याऐवजी जमा झाली असती. त्या माणसाजवळ योग्य तार नव्हती. बहुधा त्या आठवड्यात पुण्यात मिळालीही नसती. पण दिशा त्यानं चुकवली नाही.

आता उरलेला हिशेब. सहा हजार वेढे म्हणजे जाड तारांचा आवाज साठ टक्के. आणि घूं पूर्ण वजा होणार नाही. शंभरातून साठ गेले, चाळीस उरले. डब्याच्या तळाशी निळ्या रबराचे दोन चौकोनी तुकडे होते. आधी मी ते कचरा समजलो होतो. स्लिपरचे तुकडे. अशक्त अर्ध्याखाली घालून तो तारांजवळ उचलायला. साठाचे पासष्ट-सत्तर करायला.

काकूंचा कान

मी नवे पिकअप काढले आणि रावळगावच्या डब्यातले घातले. निळे तुकडेही खाली सरकवले. काकूंकडेच ॲम्प्लिफायर नेला, कारण त्यांना एकदा ऐकायची होती.

मी फक्त केबल लावली आणि आवाज वाढवला. अजून तारेला हात लावला नव्हता. भिंतीवर ट्यूबलाइट चालू होती. स्पीकरमधून बारीक घूं आली.

"हं," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "हे. हे व्हायचं."

मग त्यांनी सांगितलं, काका संध्याकाळी सराव करायचे तेव्हा दोन गाण्यांच्या मधे हा आवाज घरभर असायचा. भाजी चिरताना तो बंद झाला की त्यांना कळायचं, आता बाहेर येतील, चहा टाकायला हवा. नव्या पिकअपनंतर तो आवाज गेला. "चांगलं झालं म्हणाले. स्वच्छ झालं म्हणाले. मला मात्र कळेनासं झालं, की बसलेत का उठलेत."

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सर्वात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो स्वर लागतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घूं जवळपास त्या स्वराची, जरा चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हीच गिटार वेगळ्या स्वरात घुमली असती. ही घूं पुण्याची होती.

मी वाजवून दाखवलं. खालच्या तारा दबतात हे मला लगेच जाणवलं आणि बोटं आपोआप जोरात पडू लागली. काकू म्हणाल्या, "ते खालच्या तारांना फार मारायचे. बोटाला घट्टा पडला होता. मी म्हणायचे, हळू वाजवा की." मी त्यांना साठ टक्क्यांचा हिशेब सांगितला. त्या बराच वेळ गिटारकडे बघत होत्या. "अठरा वर्षं?" एवढंच म्हणाल्या.

१९८१ ते १९९९. अठरा वर्षं.

कुणाचं मूळ

संग्राहकांना मी सगळं खरं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं. रिवाइंड केलेला पिकअप ओरिजिनल धरत नाहीत, भाव कमी होईल. पण मार्ग आहे. परदेशात १९७२च्याच दुसऱ्या एखाद्या प्रिसिजनमधून काढलेला तेवढाच अर्धा मिळू शकतो. तो बसवला की काम झालं, पूर्ण किंमत.

मी हे काकूंना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्याच गिटारमधून काढलेलं यात घालायचं?"

"हो."

"आणि ते ओरिजिनल?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. बाजाराच्या व्याख्येत चूक काही नाही. एखाद्याला १९७२चा कारखाना कसा वाजायचा हे ऐकायचं असेल तर त्याला १९७२चीच तार हवी. पण त्या व्याख्येत वाद्याचा एकच दिवस मोजला जातो, जन्माचा. ज्या वाद्यावर एकदाच दिवस उगवला असेल त्याला ती बरोबर बसते. आपल्याकडच्या वाद्यांना बसत नाही. मिरजेचे तानपुरे बघा. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याचा आवाज येतो तो घोडीवरच्या जवारीतून, आणि जवारी तारांनी झिजते, पुन्हा घासून काढावी लागते. शंभर वर्षांच्या तानपुऱ्यावर शंभर वर्षांपूर्वीची जवारी आहे का, असं कोणी विचारत नाही. कोणी काढली, चांगली काढली का, एवढंच विचारतात.

दुसरं टोकही पुण्यातच आहे. केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे, आणि त्याच वास्तूत कोथरूडहून हलवून आणून उभारलेला मस्तानी महालही. खांब जुने, जागा नवी. तिथे उभं राहून मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण पाटीवर लिहिलेलं आहे की हे कोथरूडहून आणलंय. फसवणूक भाग बदलण्यात नसते. बदलल्याचं न सांगण्यात असते. दुसऱ्या गिटारचा अर्धा गुपचूप बसवला असता तर ही १९७२ची निष्कलंक प्रिसिजन झाली असती, आणि ती पुण्यात कधी वाजलीच नव्हती असं वाटलं असतं.

माझ्यासारख्यांना इतिहास म्हणजे व्हर्जन वन आणि नंतरचे बिघाड असं वाटण्याची सवय आहे. या गिटारला मला दिसणाऱ्या चार तारखा आहेत. ऑगस्ट १९७२, फुलर्टन. १९७४ची दिवाळी, बोट. २२ ऑगस्ट १९८१, बहुधा बुधवार पेठ. १९९९, मुलानं आईवडिलांसाठी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली भेट. पहिल्या तारखेच्या माणसांचा इतिहास लिहिला गेलाय, पुस्तकं आहेत, मुलाखती आहेत. तिसऱ्या तारखेच्या माणसाचं नाव मला कळलं नाही. त्यानं किती पैसे घेतले तेही नाही. बिलांच्या गठ्ठ्यात ते बिल नव्हतं. त्याची सही म्हणजे ते सहा हजार वेढे. ते उलगडून योग्य जाडीच्या तारेनं पुन्हा भरणं आज सहज शक्य आहे, त्या वृद्ध वाइंडरनीही विचारलं होतं. मी नको म्हटलं. अर्थात गिटार माझी नाही, त्यामुळे नको म्हणण्याचा हक्कही माझा नव्हता. म्हणून काकूंना विचारलं.

"जे आहे ते लिही," त्या म्हणाल्या. "सगळं लिही. मग ज्याला घ्यायची तो घेईल. मला घाई नाही."

जाहिरात मी तशीच लिहिली. पिकअपचा एक अर्धा कारखान्याचा, एक अर्धा पुण्यात १९८१ साली ४४ नंबरच्या तारेनं भरलेला. ट्यूबलाइटखाली थोडी घूं येते. निळं रबर काढू नये. दोघांनी चौकशी केली, घेतली अजून कोणी नाही. तोवर गिटार माझ्याकडे आहे आणि मी खालच्या तारांना जोरात मारायला शिकतोय.

मुलानं आणलेले पिकअप काढल्यावर कुठे ठेवायचे हा प्रश्न काकूंनी सोडवला. रावळगावच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. गुंडाळायच्या आधी त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि कागदाच्या तुकड्यावर मुलाचं नाव आणि '१९९९' असं लिहून आत ठेवलं.